कंपनीच्या ईमेलवरून इंग्रजी वाचनाचा सराव: वाचता वाचता उतरंड काढा

रविवारचा_वर्ग

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नियोजन विभागात काम करतो. दोन वर्षांपासून दर रविवारी सकाळी आमच्या कॉलनीच्या वाचनालयात काही जणांचा इंग्रजी वाचनाचा वर्ग घेतो. सध्या नऊ जण येतात. चौघे आयटीआय झालेले, तिघे डिप्लोमावाले आणि दोघी ऑफिसात डेटा एंट्री करणाऱ्या. सगळ्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्यामुळे वर्गातल्या तरुणांना ते पहिलीपासून होतं आणि चाळिशीतल्यांना पाचवीपासून. वाचताना मात्र दोघंही एकाच जागी अडतात.

धागा काढायचं कारण सांगतो. वर्गातली एक डिप्लोमा झालेली मुलगी गेल्या वर्षी एका कारखान्यात लागली. तिथे विभागांची फेररचना झाली आणि सगळ्यांना एक ईमेल आला. तिने तो तीनदा वाचला. त्यातला प्रत्येक शब्द तिला येत होता. तरी आपला साहेब बदललाय हे तिच्या लक्षात आलं नाही. ती रजेचे अर्ज जुन्या साहेबांकडेच पाठवत राहिली. त्यांनीही ते पुढे पाठवले नाहीत, की तिला काही सांगितलं नाही. महिनाअखेर चार दिवसांचा पगार कापला गेला. ती ईमेल घेऊन माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती. म्हणाली, "दादा, मला इंग्रजी येतं असं मला वाटत होतं."

तिला इंग्रजी येतंच. त्या ईमेलमध्ये कोण कोणाच्या हाताखाली, हे सात ओळींत चार वेळा बदललेलं होतं. ते डोक्यात धरून ठेवणं कोणालाही जड गेलं असतं. मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, वाचत जा आणि चौकोन काढत जा, प्रत्येक हुद्द्याला एक चौकोन आणि त्यातून वर त्याच्या साहेबाकडे रेघ. वीस मिनिटांत तिचं तिलाच सगळं कळलं.

तेव्हापासून वर्गात आम्ही हाच सराव करतो. शब्दार्थ पाठ करत नाही. कंपनीच्या रचनेविषयीचा ईमेल घ्यायचा, वाचताना कागदावर हुद्द्यांची उतरंड काढायची आणि मगच प्रश्न सोडवायचे. खाली मी स्वतः रचलेला नमुना देतो. फोनवर वाचायला सोपं जावं म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहितोय. वर्गात अर्थातच रोमन लिपीत द्यावीत.

*विथ इफेक्ट फ्रॉम १ एप्रिल, द क्वालिटी अँड मेंटेनन्स टीम्स विल बी ब्रॉट टुगेदर अंडर प्लांट ऑपरेशन्स.*

*द हेड ऑफ क्वालिटी, हू प्रीव्हियसली रिपोर्टेड टू द प्लांट हेड, विल नाऊ रिपोर्ट टू द व्हाइस प्रेसिडेंट, ऑपरेशन्स, इन पुणे, विथ अ डॉटेड लाइन टू द प्लांट हेड.*

*शिफ्ट इंजिनिअर्स विल कंटिन्यू टू रिपोर्ट टू देअर रिस्पेक्टिव्ह सेक्शन मॅनेजर्स.*

*अनटिल अ न्यू मेंटेनन्स मॅनेजर इज अपॉइंटेड, लीव्ह रिक्वेस्ट्स फ्रॉम मेंटेनन्स स्टाफ शुड बी सेंट टू द हेड ऑफ क्वालिटी, नॉट टू द प्लांट ऑफिस.*

*शुड यू हॅव एनी क्वेरीज, प्लीज काँटॅक्ट युअर लाइन मॅनेजर इन द फर्स्ट इन्स्टन्स.*

मी विचारतो ते प्रश्न असे. १ एप्रिलनंतर क्वालिटी हेडचा थेट साहेब कोण? कोणाच्या बाबतीत काहीच बदललेलं नाही? मेंटेनन्समधल्या कामगाराला १० एप्रिलला रजा हवी आहे आणि नवा मॅनेजर अजून आलेला नाही, तर अर्ज कोणाकडे? ही व्यवस्था कायमची की तात्पुरती, आणि ते कोणत्या शब्दावरून कळलं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: प्लांट हेडचे अधिकार कमी झाले, असं ईमेलमध्ये म्हटलंय का?

या शेवटच्या प्रश्नावर वर्गात दर वेळी वाद होतो. निम्मे जण "हो" म्हणतात. ईमेलमध्ये तसं कुठेच म्हटलेलं नाही. आपण तसा अंदाज बांधतो, आणि कदाचित तो खराही असेल. पण लिहिलेलं काय आणि आपण त्यात भरलेलं काय, हे वेगळं काढता येणं म्हणजेच आकलन. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या वाचनाच्या पेपरात "बरोबर", "चूक" यांच्याबरोबर "दिलेलं नाही" असा तिसरा पर्याय असतो, तो याच कारणासाठी.

तुमचे अनुभव सांगा. कोणी असा सराव घेत असेल तर अडचणीही लिहा.

सातारी_बाई

विषय फार जवळचा आहे. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते, २१ वर्षं झाली. तुमच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. शब्दार्थ नको कसं म्हणता? "डॉटेड लाइन" हे मुलांना माहीतच नसेल तर ती चौकोन काढणार कशी? आमच्याकडे आधी फळ्यावर पंधरा शब्द, मग उतारा, मग प्रश्न, असा क्रम असतो आणि मुलं उत्तरं बरोबर लिहितात.

रविवारचा_वर्ग

बाई, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. वर्गात मला काय दिसलं ते सांगतो. शब्द आधी दिले की मुलं उताऱ्यात फक्त तेच शब्द शोधतात. प्रश्नात "रिपोर्ट" दिसलं की उताऱ्यातलं "रिपोर्ट" असलेलं वाक्य उतरवून काढतात. उत्तर बरोबर येतं, पण समजलेलं नसतं. "डॉटेड लाइन" मी आधी सांगत नाही. चौकोन काढताना क्वालिटी हेडच्या डोक्यावर दोन रेघा येतात आणि कोणीतरी विचारतंच, "एका माणसाला दोन साहेब कसे?" मग सांगतो की पहिली रेघ भरीव, पगारवाढ आणि रजा तिकडून ठरते. दुसरी तुटक, रोजच्या कामात त्यांचंही ऐकायचं, एवढंच. शब्दाची गरज पडल्यावर दिला की तो विसरत नाहीत.

काही शब्द मात्र आधी द्यावेच लागतात, हे मान्य. "रिपोर्ट" हाच घ्या. "शी हॅज फोर डायरेक्ट रिपोर्ट्स" या वाक्याचा अर्थ वर्गात नऊपैकी सात जणांनी "तिच्याकडे चार अहवाल आहेत" असा लावला होता. तिच्या थेट हाताखाली चार माणसं आहेत, हे त्यांच्या मनातही आलं नाही. शब्द ओळखीचा आणि अर्थ अनोळखी असला की माणूस शब्दकोश उघडतच नाही. अडचण तिथे आहे.

चाकण_एचआर

धागा आवडला. मी गेली १४ वर्षं मनुष्यबळ विभागात आहे, आणि असे ईमेल लिहिणाऱ्यांपैकीच एक आहे. म्हणून लिहिणाऱ्याच्या बाजूने थोडं सांगतो.

फेररचनेच्या ईमेलमध्ये "विल बी ब्रॉट टुगेदर", "हॅज बीन डिसायडेड" अशी कर्मणी वाक्यं मुद्दाम असतात. निर्णय कोणी घेतला ते सांगायचं नसतं, किंवा निर्णय बऱ्याच जणांचा असतो. वाचणाऱ्याने कर्ता शोधण्यात वेळ घालवू नये. "काय होणार" आणि "कधीपासून" या दोनच गोष्टी उचलाव्यात. तारखेखाली पहिली रेघ मारावी. "विथ इफेक्ट फ्रॉम", "इफेक्टिव्ह इमिजिएटली", "अनटिल फर्दर नोटिस" या तिन्हींवरून बदल कधीपासून किंवा कधीपर्यंत लागू ते कळतं.

हुद्द्यांबद्दलही लिहितो, कारण मुलाखतीला येणारी मुलं इथे खूप घसरतात. आपल्याकडे "सेल्स एक्झिक्युटिव्ह" म्हणजे बहुतेक वेळा नुकताच लागलेला मुलगा. अमेरिकेतून आलेल्या ईमेलमध्ये "एक्झिक्युटिव्हज" असेल तर ती अगदी वरची माणसं. एकच शब्द आणि उतरंडीची दोन टोकं. बँका आणि वित्त कंपन्यांमध्ये "व्हाइस प्रेसिडेंट" हा मधल्या फळीतला हुद्दा असतो. एकाच इमारतीत असे कितीतरी जण बसलेले असतात. तो शब्द वाचून कंपनीत क्रमांक दोनचा माणूस समजू नये.

"डायरेक्टर"चं तर आणखी वेगळं आहे. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालक म्हणजे संचालक मंडळावर नेमलेली व्यक्ती. तिला संचालक ओळख क्रमांक घ्यावा लागतो. खासगी मर्यादित कंपनीत असे किमान दोन संचालक लागतात, सार्वजनिक कंपनीत किमान तीन. बहुराष्ट्रीय कंपनीतले "डायरेक्टर, इंजिनिअरिंग" मंडळावर असतीलच असं नाही. बहुधा ते पगारी विभागप्रमुख असतात. आणि "कंपनी सेक्रेटरी" म्हणजे साहेबांचे फोन घेणारी व्यक्ती नव्हे. ती कायद्याचं शिक्षण घेतलेली, कंपनीच्या कायदेशीर पूर्ततांची जबाबदारी असलेली अधिकारी असते. शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपनीला असा पूर्णवेळ सचिव नेमणं बंधनकारकच आहे.

रविवारचा_वर्ग

चाकणकर, अगदी हेच हवं होतं. "एक्झिक्युटिव्ह"चं उदाहरण येत्या रविवारी घेतो. ईमेलमध्ये "पॅरेंट कंपनी", "सब्सिडियरी", "सिस्टर कंपनी" असे शब्द येतात त्यांचंही थोडं सांगाल का? मी घरातली नाती वापरून समजावतो, पण ते पुरेसं बरोबर आहे का, याची मला खात्री नाही.

चाकण_एचआर

नात्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. एवढं जोडा: निम्म्याहून जास्त मताधिकार दुसऱ्या कंपनीच्या हातात असतील, किंवा संचालक मंडळ कोणाचं असावं हे ती दुसरी कंपनी ठरवत असेल, तर पहिली तिची उपकंपनी. एकाच पालक कंपनीच्या दोन उपकंपन्या म्हणजे सिस्टर कंपन्या. वाचताना लक्षात ठेवायचं ते हे की उपकंपनी कायद्याने वेगळी कंपनी असते आणि "डिव्हिजन" किंवा "युनिट" मात्र त्याच कंपनीचा भाग. "यू विल बी ट्रान्सफर्ड टू अवर सब्सिडियरी" असं आलं तर नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधी, सेवेची सलगता हे सगळं विचारून घ्यावं. "टू अनदर डिव्हिजन" असेल तर बहुधा फक्त जागा बदलते. एका शब्दाच्या फरकाने माणसाचा मालक बदलतो.

व्याकरणवेडी

मराठीत एम.ए. केलंय, त्यामुळे मला यात भाषेची एक गोष्ट दिसते. आपल्याकडे कोण कोणाला हे विभक्ती सांगते. "क्वालिटी हेड प्लांट हेडला रिपोर्ट करतो" आणि "प्लांट हेडला क्वालिटी हेड रिपोर्ट करतो", शब्द कसेही फिरवा, "ला" ज्याला चिकटला तो वरचा. इंग्रजीत हे काम शब्दांच्या जागेवर चालतं. "रिपोर्ट्स टू"च्या डावीकडे खालचा, उजवीकडे वरचा. मराठी डोळा प्रत्यय शोधत राहतो. तो सापडत नाही, मग अंदाजाने जोडणी होते.

दुसरी अडचण तुमच्या नमुन्यातल्या दुसऱ्या वाक्यात आहे. आपण म्हणतो, "जो आधी प्लांट हेडला रिपोर्ट करत होता, तो क्वालिटी हेड आता पुण्याला रिपोर्ट करेल." जो आणि तो अशी जोडी जमते आणि प्रत्येकाला आपलं क्रियापद मिळतं. इंग्रजी वाक्य कर्ता सांगतं, मधेच स्वल्पविराम देऊन जुनी हकिकत घुसवतं आणि नंतर मुख्य क्रियापदाकडे येतं. मधल्या तुकड्यात "प्लांट हेड" ताजं ऐकलेलं असतं, त्यामुळे पुढचं "विल नाऊ रिपोर्ट" त्यालाच चिकटवलं जातं. उपाय सोपा आहे. दोन स्वल्पविरामांमधल्या भागाला पेन्सिलीने कंस घाला आणि पहिल्या वाचनात तो वगळा. उरलेलं वाक्य स्वच्छ उभं राहतं.

तिसरी गोष्ट "अनटिल". मराठीत आपण "नवा मॅनेजर नेमला जात नाही तोपर्यंत" असं नकार घालून म्हणतो. इंग्रजीत तो नकार नसतो. म्हणून आपली मुलं लिहिताना "अनटिल नॉट अपॉइंटेड" लिहितात. वाचताना उलटी चूक होते: "अनटिल इज अपॉइंटेड" पाहिलं की "नेमला आहे" असं वाटतं. शिवाय "पर्यंत" हा आपला एकच शब्द "बाय" आणि "अनटिल" दोन्हींसाठी चालतो. "सेंड इट बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवार उलटू देऊ नका. "सेंड देम टू मी अनटिल फ्रायडे" म्हणजे शुक्रवार येईतो माझ्याकडे पाठवत राहा, मग दुसऱ्याकडे. मराठीत दोन्हीकडे "शुक्रवारपर्यंत".

सातारी_बाई

व्याकरणवेडी ताई, "अनटिल नॉट" मी गेली वीस वर्षं लाल शाईने खोडत आले. ते कुठून येतं हे आज कळलं. आता खोडायच्या आधी मुलांना मराठी वाक्य म्हणायला लावीन. मनापासून आभार.

टोकियोचा_पाहुणा

जपानमध्ये सहा वर्षं आहे, मूळचा मिरजेचा. इथे हा विषय म्हणजे नुसता सराव नाही, परीक्षाच आहे. जपानी कंपन्या इंग्रजीसाठी टोइक या परीक्षेचे गुण बघतात. ती अमेरिकेतल्या ईटीएस या संस्थेने तयार केलेली आहे आणि १९७९ मध्ये पहिल्यांदा जपानमध्येच झाली. वाचनाच्या भागात ७५ मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यातले ५४ शेवटच्या, सातव्या भागात. तिथे ईमेल, सूचना, जाहिराती आणि कार्यालयीन संदेश असतात. त्या ५४ पैकी २५ प्रश्न असे की दोन किंवा तीन मजकूर एकत्र वाचावे लागतात.

माझी अडचण या जोडमजकुरांत होती. पहिला मजकूर म्हणजे नेमणुकीची घोषणा, दुसरा त्याला उत्तर म्हणून आलेला ईमेल. प्रश्न असा की उत्तराचा अर्धा भाग पहिल्यात आणि अर्धा दुसऱ्यात. उदाहरणार्थ, पहिल्यात लिहिलंय की ओसाका कार्यालयाच्या खर्चाला प्रादेशिक व्यवस्थापक मंजुरी देतील. दुसऱ्यात एक बाई म्हणतात, "मी पुढच्या महिन्यापासून ओसाकाला जाते आहे, प्रवासखर्चाचा फॉर्म कोणाकडे देऊ?" प्रादेशिक व्यवस्थापक हे शब्द दुसऱ्या मजकुरात नसतातच. मी दोन्ही वेगवेगळे वाचायचो आणि अडकायचो. पहिल्या मजकुराची उतरंड कागदावर काढायला लागलो (परीक्षेत लिहिता येत नाही, पण घरी सवय केली) तेव्हापासून ती डोक्यात उभी राहायला लागली आणि दुसरा मजकूर तिच्यावर ठेवता यायला लागला. तुमच्या वर्गात अशी जोडी देऊन बघा. ईमेल आणि त्याचं उत्तर.

रविवारचा_वर्ग

फार उपयोगी सूचना आहे. माझ्याकडे आतापर्यंत सगळे एकेकटेच ईमेल होते. या आठवड्यात नमुन्याला एक उत्तर रचतो: मेंटेनन्समधला कोणीतरी क्वालिटी हेडला रजा मागतोय आणि सीसीमध्ये प्लांट ऑफिसला ठेवतोय. मग प्रश्न विचारतो, "यात चूक काय?"

सीसीवरून आठवलं. ईमेलचा मजकूर वाचायच्या आधी मी वरचा भाग वाचायला लावतो. "टू"मध्ये ज्याचं नाव त्याने काहीतरी करायचं असतं, "सीसी"मध्ये ज्याचं नाव त्याच्या फक्त माहितीसाठी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरखाली निळा कार्बन घालून काढलेली प्रत. वर्गातल्या पंचेचाळिशीच्या एका दादांनी तो कार्बन वापरलेला होता. त्यांनी तरुणांना सांगितलं तेव्हा सगळे ऐकत राहिले. पाठवणारा कोण, "टू"त कोण, सीसीत कोण, एवढ्यावरूनच अर्धी उतरंड उभी राहते.

गोष्टीवेल्हाळ

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. वाचनाची गोडी अशा रुक्ष ईमेलमधून कशी लागणार? मुलांना इंग्रजी गोष्टी द्या, वर्तमानपत्र द्या. भाषा तिथे जिवंत असते. ईमेल वाचायला शिकवून आपण त्यांना फक्त हुकूम वाचायला शिकवतोय, असं वाटत नाही का?

रविवारचा_वर्ग

राग अजिबात नाही. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय. गोष्टी मी दिल्या होत्या, सुरुवातीचे चार महिने. मुलं यायची, ऐकायची, आणि सोमवारी कारखान्यात गेल्यावर समोर आलेला ईमेल शेजारच्याला वाचायला द्यायची. त्यात जो अपमान असतो तो मी जवळून पाहिलाय. मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, हातातलं कसब नावाजलेलं, आणि स्वतःच्या बदलीचा ईमेल बावीस वर्षांच्या मुलाकडून वाचून घेतो. तो मुलगा चांगला असला तरीही. आणि हुकुमाबद्दल म्हणाल, तर हुकूम ज्याला नीट वाचता येतो त्यालाच त्यावर प्रश्न विचारता येतो. त्या मुलीने चौथ्या दिवशी ईमेल दाखवून लेखी विचारलं असतं तर पगार कापला गेला नसता.

गोष्टी मी सोडलेल्या नाहीत. ईमेल वाचता यायला लागल्यावर वर्गातल्या दोघांनी स्वतःहून वाचनालयातली इंग्रजी पुस्तकं नेली.

गोष्टीवेल्हाळ

हे वाचून गप्प झालो. पटलं. माझ्याकडे मुलांसाठीची पंचवीसेक सोपी इंग्रजी पुस्तकं पडून आहेत. तुमच्या वाचनालयाला पाठवायची आहेत, संपर्कातून कळवा.

जुने_कागद

उतरंड काढायची कल्पना किती जुनी आहे ते सांगायचा मोह होतोय. आधुनिक काळातला बहुधा पहिला असा तक्ता १८५५ मधला, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेचा. तिथले अधीक्षक डॅनियल मॅक्कॅलम. जवळजवळ ५०० मैलांचा मार्ग, हजारो माणसं, आणि गाडी कुठे अडकली ते वरपर्यंत वेळेवर कळेना. मार्ग छोटा असताना एक माणूस सगळीकडे स्वतः लक्ष देऊ शकायचा, मार्ग लांबल्यावर ते अशक्य झालं. मग कोण कोणाला तारेने खबर देणार हे त्यांनी ठरवून दिलं आणि जॉर्ज होल्ट हेनशॉ यांच्याकडून ते चित्रात काढून घेतलं. ते चित्र झाडासारखं आहे. अध्यक्ष आणि संचालक मंडळ तळाशी, मुळांच्या जागी, आणि गाड्या चालवणारी माणसं वरच्या फांद्यांवर. मुलांना चौकोन कंटाळवाणे वाटले तर झाड काढायला सांगा.

घरून_पुन्हा_कामावर

मी अकरा वर्षांनी नोकरी शोधते आहे, नाशिकला. दोन ऑनलाइन चाचण्या दिल्या, दोन्हींत अशा उताऱ्यांवर गुण गेले. "रिस्पेक्टिव्ह" आणि "रिस्पेक्टिव्हली" यांवर मी हमखास चुकते. तसंच "ॲक्टिंग मॅनेजर", "इंटरिम", "ओव्हरसी" हे शब्द. कोणी नीट सांगेल का? आणि हो, वरच्या मुलीची गोष्ट वाचून मलाही धीर आला.

रविवारचा_वर्ग

ताई, "रिस्पेक्टिव्हली" म्हणजे आपलं "अनुक्रमे". "पुणे अँड नाशिक टीम्स विल रिपोर्ट टू सेल्स अँड सर्व्हिस, रिस्पेक्टिव्हली" म्हणजे पुण्याचे सेल्सला, नाशिकचे सर्व्हिसला. हा शब्द दिसला की लगेच दोन उभे रकाने पाडा आणि पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा जोडा. "रिस्पेक्टिव्ह" म्हणजे ज्याचा त्याचा. शिफ्ट इंजिनिअर ज्याच्या त्याच्या सेक्शन मॅनेजरला.

"ॲक्टिंग"साठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: प्रभारी. प्रभारी मुख्याध्यापक आपण सगळ्यांनी पाहिलेत. "इंटरिम" जवळजवळ तेच, फक्त पुष्कळदा बाहेरून ठरावीक काळासाठी आणलेल्या माणसालाही म्हणतात. "ओव्हरसी" म्हणजे देखरेख करणं. "ओव्हरलुक" म्हणजे नजरेतून सुटणं. आणि "ओव्हरसाइट"चे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे तिथे आजूबाजूचं वाक्य बघावंच लागतं.

चाकण_एचआर

यात "रिव्हर्ट" जोडा. आपल्या ऑफिसांत "प्लीज रिव्हर्ट" म्हणजे उत्तर द्या. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाने "द टीम विल रिव्हर्ट टू द प्लांट हेड" लिहिलं तर ती टीम पुन्हा प्लांट हेडच्या हाताखाली जाणार आहे. आमच्याकडे या एका वाक्यावर माणसं आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसली होती.

एक कळकळीची विनंती. सरावासाठी स्वतःच्या कंपनीचे खरे ईमेल वर्गात नेऊ नका, नावं खोडली तरी नको. ते गोपनीय असतात आणि त्यावरून कारवाई होऊ शकते. धागाकर्त्यांनी रचलाय तसा स्वतः रचा.

रविवारचा_वर्ग

पूर्ण सहमत. वर्गात पहिल्या दिवशीच मी हे सांगतो. त्या मुलीचा ईमेलही आम्ही दोघांनीच पाहिला, वर्गात नेला नाही.

घरून_पुन्हा_कामावर

सगळ्यांचे आभार. मी काल रात्री नमुना कागदावर उतरवून काढला. व्याकरणवेडी ताईंनी सांगितला तसा कंस घातला. माझी उत्तरं तपासाल का? पहिल्याचं: पुण्याचे व्हाइस प्रेसिडेंट, ऑपरेशन्स. दुसऱ्याचं: शिफ्ट इंजिनिअर, "कंटिन्यू" या शब्दावरून. तिसऱ्याचं: क्वालिटी हेड. चौथ्याचं: रजेची व्यवस्था तात्पुरती, "अनटिल"वरून. पाचव्याचं: दिलेलं नाही.

पण माझा एक प्रश्न आहे. नवा मेंटेनन्स मॅनेजर आल्यावर तो कोणाला रिपोर्ट करेल? मी चौकोन काढला, पण वर रेघ कुठे न्यायची ते कळेना.

रविवारचा_वर्ग

पाचही बरोबर. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर ईमेलमध्ये नाहीच. दोन्ही टीम प्लांट ऑपरेशन्सखाली आल्या एवढंच लिहिलंय, मेंटेनन्स मॅनेजरच्या वर कोण ते लिहिलेलं नाही. नमुना मी रचला आणि वर्गात चार वेळा वापरला, पण ही मोकळी रेघ आजवर माझ्याही लक्षात आली नव्हती. शेवटच्या वाक्यात "काही शंका असल्यास आपल्या लाइन मॅनेजरला (म्हणजे थेट साहेबाला) विचारा" असं आहे ना, तिथे विचारायचा प्रश्न हाच. येत्या रविवारी सहावा प्रश्न म्हणून तुमचाच घेतो आहे.